सवलत दहा टक्के, पण तोवर पैसे कोणाच्या हातात?

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. धाकटे दीर काही वर्षांपासून लीड्सला आहेत. येत्या मे महिन्यात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई त्यांच्याकडे जाणार आहोत. तिथून दीर, जाऊ आणि त्यांचं दीड वर्षाचं बाळ धरून आम्ही सगळे आठवडाभर स्कॉटलंडला जाणार. सासूबाईंना बाहेरचं खाणं चालत नाही आणि हॉटेलच्या तीन-चार खोल्या परवडत नाहीत, म्हणून स्वयंपाकघर असलेली कॉटेज घ्यायचं ठरलं. स्काय बेटावरची एक मनासारखी मिळाली, आठवड्याचे 1,200 पाउंड. एका मोठ्या पोर्टलवरून चौकशी केली, तर मालकाने व्हॉट्सअॅपवर कळवलं, की पोर्टल सोडून थेट बँकेत सगळी रक्कम भरली तर दहा टक्के सूट देतो, पण दोन दिवसांत कळवा. हे म्हणतात, त्याचं कमिशन वाचतं म्हणून देतोय, घेऊन टाकू. दीर म्हणतात, अजिबात नको, मी माझ्या कार्डावर भरतो. ते यांना पटत नाही. थोरल्याने धाकट्याच्या पैशांवर सहल करायची का, म्हणून अडून बसलेत. व्हिसा अजून काढलेला नाही. एजंट म्हणतो, आधी कॉटेजची पूर्ण पैसे भरलेली पावती आणा, मगच फाइल करू. आणि कुकर न्यावा का, हेही सांगा.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी ते दोन दिवसांचं बघू. दोन दिवस काय, दोन तासांचीही मुदत असली तरी या माणसाला व्हॉट्सअॅपवर आलेल्या खातेक्रमांकावर एक पाउंडही पाठवू नका. तो लबाडच आहे असं मी म्हणत नाही. प्रामाणिक असेल तर तुमची तपासणी होईपर्यंत थांबेल, आणि नसेल तर घाई करेल.

तुमच्या मिस्टरांचा तर्क अर्धा बरोबर आहे. पोर्टलं मालकाकडून कमिशन घेतात, काही पाहुण्याकडूनही सेवाशुल्क घेतात. त्यामुळे स्कॉटलंडमधले बरेच कॉटेजवाले स्वतःची वेबसाइट चालवतात आणि तिथे भाडं थोडं कमी ठेवतात. मालकाकडून थेट बुकिंग करण्यात वावगं काहीच नाही. पण त्याच्या वेबसाइटवर जाऊन, अटी वाचून, कार्डाने पैसे भरणं वेगळं, आणि पोर्टलवर ओळख झालेल्या माणसाने तुम्हाला बाजूला घेऊन "इकडे टाका पैसे" म्हणणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात पोर्टलचं संरक्षण गेलेलं असतं आणि त्याच्या जागी दुसरं काही आलेलं नसतं. शिवाय एक नवीन चाल सध्या फार चालते. पोर्टलवरचं मालकाचं खातंच भामटे हॅक करतात आणि खऱ्या कॉटेजच्या नावाने, कधी कधी पोर्टलच्याच चॅटमधून, "कार्ड पुन्हा पडताळा" किंवा "या खात्यात भरा" असे निरोप पाठवतात. म्हणजे कॉटेज खरी, फोटो खरे, मालकही खरा, फक्त खातं दुसऱ्याचं. गूगलवर फोटो टाकून तो आणखी कुठे वापरलाय हे शोधलं, तरी हे पकडता येत नाही.

मग पकडायचं कसं? तुमच्या बाबतीत एक सोय आहे, जी इतर बऱ्याच देशांत नसते. स्कॉटलंडमध्ये सुट्टीसाठी थोड्या दिवसांच्या मुदतीने भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांना स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. आधीपासून चालू असलेल्या घरांना मुदतवाढी मिळत गेल्या, पण 1 जानेवारी 2025 पासून ही अट सगळ्यांना लागू आहे. परवान्याचा क्रमांक जाहिरातीत छापणं बंधनकारक आहे. स्काय हायलँड कौन्सिलच्या हद्दीत येतं. कौन्सिलच्या वेबसाइटवर परवान्यांची यादी कोणालाही बघता येते. तर त्या गृहस्थांना क्रमांक विचारा, यादीत शोधा, आणि तिथला पत्ता जाहिरातीतल्या घराशी जुळतो का ते बघा. क्रमांक द्यायला कोणी आढेवेढे घेतले तर पुढचं काही बघायचीही गरज नाही.

त्याच परवान्यात घरात जास्तीत जास्त किती माणसं राहू शकतात तेही ठरलेलं असतं. हे मी मुद्दाम सांगतेय. तुम्ही आठ जण आहात आणि आपल्याकडे "बाळाचं काय, ते आईजवळ झोपेल, मुलं खाली गादी टाकतील" हे गृहीतच असतं. तिथे सहा जणांच्या घरात आठ जण हा मालकासाठी परवान्याचा प्रश्न असतो, आणि दारात पोचल्यावर नाही म्हणायचा हक्क त्याला असतो. बाळासकट सगळ्यांची संख्या आणि मुलांची वयं पहिल्याच ईमेलमध्ये लिहा. बाळ मोजायचं की नाही ते मालकाला सांगू द्या, आपण ठरवायचं नाही.

दुसरी खूण खातेक्रमांकातच असते. ब्रिटिश खात्याचा आयबीएएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक, 22 अक्षर-आकड्यांचा असतो. पहिली दोन अक्षरं जी आणि बी, मग दोन आकडे, मग बँकेची चार अक्षरं, मग बँकेची शाखा सांगणारा सहा आकड्यांचा सॉर्ट कोड आणि शेवटी आठ आकडी खाते क्रमांक. स्कायमधल्या घराचे पैसे दुसऱ्याच देशाच्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या खात्यात मागितले, तर का, हे विचारायलाच हवं. हल्ली काही अॅपवाल्या बँकांची खाती दुसऱ्या देशात नोंदलेली असतात, त्यामुळे तेवढ्यावरून कोणाला चोर ठरवता येत नाही. पण नाव एक, खातं दुसऱ्याच्या नावावर आणि देश तिसरा, अशी मोट दिसली तर सोडून द्या.

आणि फोन करा. व्हॉट्सअॅप नंबरवर नाही, घराच्या वेबसाइटवर किंवा नकाशावर दिलेल्या नंबरवर. स्कायमधलं मुख्य गाव पोर्ट्री, त्याच्या आसपासच्या लँडलाइनचा कोड 01478 आहे. इथून लावताना 0044 नंतरचा शून्य गाळायचा. आपल्याकडून दुपारी तीन-चार वाजता लावला तर तिकडे सकाळ असते. घरात किल्ली कुठे मिळते, जवळचं दुकान किती लांब, पार्किंगमध्ये दोन गाड्या मावतात का, असे साधे प्रश्न विचारा. खरा मालक या प्रश्नांवर दहा मिनिटं बोलतो. खरं तर बोलायचा थांबत नाही.

आता पैशांकडे वळू. इथून बँकेतर्फे परदेशी खात्यात पैसे पाठवायचे म्हणजे ए-टू हा परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म भरायचा, पॅन द्यायचा, रक्कम एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेत मोजली जाते. एलआरएसची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, तिची तुम्हाला चिंता नाही. टीसीएसबद्दल, म्हणजे असे पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते त्या कराबद्दल, उगाच धास्ती असते म्हणून एका वाक्यात सांगते. नुसतं राहण्याचं बुकिंग हे "टूर पॅकेज" धरलं जात नाही, आणि 1 एप्रिल 2025 पासून अशा इतर खर्चांसाठी माणशी वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस कापत नाहीत. तुमचं प्रकरण दीड लाखाच्या आतबाहेर आहे.

खरी अडचण दुसरी आहे. फॉर्मवर एक बारीक चौकट असते : परदेशातल्या बँकेचं शुल्क कोण भरणार? ती न बघता सही केली, की वाटेतली बँक आपला हात मारून उरलेले पैसे पुढे ढकलते. तुम्ही 1,080 पाठवता, मालकाच्या खात्यात 1,060 किंवा 1,065 पडतात, आणि मग "वीस पाउंड बाकी आहेत, बुकिंग पक्कं झालेलं नाही" असा ईमेल येतो. ते वीस पाउंड पाठवायला पुन्हा तेवढाच खर्च. पाठवायची वेळ आलीच तर शुल्क आपल्याकडे घ्या आणि पावतीची प्रत मालकाला धाडा.

पण त्याहून मोठी गोष्ट ही, की बँकेतून गेलेले पैसे परत आणायला कायदेशीर दोरी जवळजवळ नसते. ब्रिटनमध्ये फसवून पैसे काढून घेतले तर बँकांनी ग्राहकाला भरपाई द्यायचा नियम 7 ऑक्टोबर 2024 पासून आहे, पण तो ब्रिटनमधल्या ब्रिटनमध्ये झालेल्या व्यवहारांना. नाशिकहून गेलेल्या पैशाला तो लागत नाही. आणि आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचं जे संरक्षण आहे ते तुमच्या नकळत पैसे गेले तर. तुम्ही स्वतः ओटीपी घालून पाठवलेत, तर 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार करायची आणि वाट बघायची. तक्रार जितकी लवकर तितकी बरी, एवढंच म्हणता येतं.

कार्डाचं तसं नाही. कार्डाने भरलेले पैसे सेवा न मिळाल्यास बँकेकडे वाद नोंदवून परत मागता येतात. व्हिसा-मास्टरकार्ड या कार्डकंपन्यांच्या नियमांत त्यासाठी साधारण 120 दिवसांची मुदत असते, आणि सेवा मिळालीच नाही अशा वादात ती सहसा सेवा मिळायच्या तारखेपासून मोजतात. किंमत मात्र मोजावी लागते. हिशेबासाठी पाउंड 120 रुपये धरू. 1,200 पाउंड म्हणजे 1,44,000. परदेशी चलनातल्या खर्चावर बँक मार्कअप नावाचं शुल्क लावते. साडेतीन टक्के मार्कअप घेणारं कार्ड असेल तर 5,040 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 907, म्हणजे सहा हजारांना थोडे कमी. दोन टक्केवालं कार्ड असेल तर हाच आकडा 3,400 च्या आसपास. मार्कअप न घेणारी कार्डंही आता मिळतात. याउलट मालकाची सूट 120 पाउंडांची, म्हणजे 14,400 रुपये. त्यात कार्डाचा वाचलेला मार्कअप मिळवला आणि बँकेतून पाठवायचा खर्च वजा केला, तर तुमच्या मिस्टरांची बचत पंधरा-सतरा हजारांची आहे. थोडी नाही, मान्य. पण एक लाख तीस हजार रुपये मे महिन्यापर्यंत अनोळखी माणसाच्या खात्यात बिनहमी ठेवण्याची ती मजुरी आहे, आणि मला ती कमी वाटते.

तुमच्या घरात याहून चांगली वाट आहे आणि ती तुमच्या दिरांनी सुचवलेली आहे. मान-अपमान थोडा वेळ बाजूला ठेवून ऐका. ब्रिटनमध्ये 1974 चा कन्झ्युमर क्रेडिट अॅक्ट आहे, त्याचं कलम 75. ब्रिटिश क्रेडिट कार्डाने 100 पाउंडांहून जास्त आणि 30,000 पाउंडांपर्यंत किमतीची वस्तू किंवा सेवा घेतली आणि विकणाऱ्याने फसवलं किंवा तो बुडाला, तर कार्ड देणारी बँकही त्याच्याइतकीच जबाबदार धरली जाते. फक्त डिपॉझिट कार्डाने भरलं तरी पूर्ण किमतीला हे लागू होतं. असा हक्क तुमच्या नाशिकच्या कार्डाला नाही. दिरांच्या डेबिट कार्डालाही नाही, क्रेडिट कार्डच हवं. आणि 2018 पासून तिथे दुकानदाराला कार्डासाठी जादा शुल्क लावता येत नाही. मार्कअपचे सहा हजारही वाचले.

यात दोन मेखा आहेत. बुकिंग ज्याच्या कार्डावर, त्याच्याच नावावर हवं. म्हणजे मुख्य पाहुणे दीर, बाकी तुम्ही सगळे यादीत. आणि कार्डाचे पैसे थेट कॉटेजच्या मालकाकडे किंवा ज्या कंपनीशी करार आहे तिच्याकडे जायला हवेत. मध्ये पोर्टल पैसे गोळा करून पुढे देणारं असेल तर कलम 75 चा पाया ढिला होतो. मग पोर्टलचे स्वतःचे नियम आणि कार्डाचा वाद, एवढंच हातात उरतं. तेही वाईट नाही. म्हणून माझी पसंती सांगते : मालकाची स्वतःची वेबसाइट असेल, परवाना जुळत असेल आणि कार्ड घेत असेल, तर दिरांच्या क्रेडिट कार्डावर थेट तिथे. नसेल तर पोर्टलवरच, पूर्ण भावाने. तुम्ही त्या मालकाला सरळ लिहू शकता, की आम्हाला थेट बुकिंग आवडेल, पण कार्डाने, आणि सवलत पाच टक्के दिलीत तरी चालेल. कार्डाचा खर्च त्यालाही येतो, त्यामुळे दहाचे पाच होणं रास्त आहे.

राहिला थोरल्या-धाकट्याचा प्रश्न. भरतोय दीर म्हणजे खर्च दिरांचा, असं कोण म्हणालं? तुमचा वाटा तुम्ही द्या. दिरांचं इथे एनआरओ खातं, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं इथल्या रुपयांसाठीचं खातं, असेल. भावाला रुपयांत भेट म्हणून त्या खात्यात बँकेतून पैसे टाकता येतात, तुमच्या एलआरएस मर्यादेत ते मोजले जातात. परदेशातल्या कमाईसाठी असतं त्या एनआरई खात्यात मात्र टाकू नका, ते चालत नाही. आणि "तू तिकडे भर, मी इकडे तुझ्या अमक्याला रोख देतो" हा आपल्याकडचा लाडका प्रकार करू नका. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या दृष्टीने तो अडचणीचा आहे. पाच जणांचा वाटा की अर्धा-अर्धा, हे आधी ठरवा आणि आकडा दोघा भावांच्या व्हॉट्सअॅपवर लिहून ठेवा. सहल झाल्यावर ठरवायला गेलात तर कोणीतरी "राहू दे रे" म्हणेल आणि ते "राहू दे" पुढची दहा वर्षं जावाजावांत राहील. मिस्टरांना आणखी हवंच असेल तर गाडीचं भाडं आणि पेट्रोल त्यांनी उचलावं.

आता व्हिसाबद्दल. तुमच्या पत्रातला सगळ्यात महागडा सल्ला एजंटचा आहे. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसासाठी राहण्याच्या बुकिंगची पावती लागत नाही. ब्रिटिश सरकारच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत हॉटेल आणि विमानाची बुकिंगं "पुरावा म्हणून जोडू नयेत" अशा कागदांच्या यादीत आहेत. तुम्ही कुठे राहणार या रकान्यात दिरांचा लीड्सचा पत्ता द्या. त्यांचं निमंत्रणपत्र, त्यांच्या राहण्याचा दर्जा दाखवणारे कागद, तुमचे बँक स्टेटमेंट, नोकरी-धंद्याचे पुरावे हे महत्त्वाचं. एजंटच्या डोक्यात बहुधा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, असावं. फ्रान्स-इटलीला राहण्याचा पुरावा खरोखर मागतात, म्हणून तिथे जाणारे मोफत रद्द होणारी बुकिंगं करतात. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, आणि आधीही नव्हतं.

पण पावती लागत नाही म्हणून तारखा सुटत नाहीत, उलट त्याच सगळ्यात जास्त चावतात. कॉटेजचं पैसे भरण्याचं गणित हॉटेलसारखं नसतं. बुक करताना पाव ते एक तृतीयांश रक्कम, ती सहसा परत मिळत नाही. उरलेली मुक्कामाच्या आठ, दहा, कधी बारा आठवडे आधी. ती तारीख ओलांडली की रद्द केल्यावर बहुतेक ठिकाणी हाती काही येत नाही. त्यातून "ऑनलाइन घेतलंय, चौदा दिवसांत परत करता येतं" हा ब्रिटिश ग्राहकांचा हक्क ठरावीक तारखांच्या मुक्कामाला लागू नाही.

दुसरीकडे व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो, आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. कॅलेंडर घेऊन बसा. समजा तुम्ही 1 मेला लीड्सला पोचणार आणि कॉटेजचा ताबा 8 मेच्या शनिवारी. अर्ज लवकरात लवकर 1 फेब्रुवारीला. बोटांचे ठसे द्यायला तारीख मिळायला चार-सहा दिवस, त्यानंतर तीन आठवडे. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर फेब्रुवारीच्या अखेरीस, नाहीतर मार्चच्या पहिल्या आठवड्यात पासपोर्ट परत. आता बाकी रक्कम आठ आठवडे आधी भरायची असेल तर ती तारीख येते 13 मार्च. जमलं, आठवडाभर श्वास घ्यायला जागा आहे. दहा आठवडे आधी असेल तर 27 फेब्रुवारी, म्हणजे व्हिसा हातात येण्याच्या आधीच पैसे. बारा आठवडे असेल तर 13 फेब्रुवारी, तेव्हा तुमची फाइल नुकती पोचलेली असेल. एकच घर, एकच भाडं, फक्त अटींच्या पानावरचा आठ किंवा बाराचा आकडा, आणि आठ-नऊशे पाउंड धोक्यात आहेत की नाहीत ते तो आकडा ठरवतो. भाडं बघायच्या आधी हा आकडा बघा.

बारावालीच कॉटेज मनात भरली असेल तर मालकाला विचारा, की व्हिसाचा निर्णय येईपर्यंत बाकी रक्कम थांबवाल का? लेखी विचारा. मेमध्ये स्कॉटलंडच्या शाळा चालू असतात, त्यांची उन्हाळी सुट्टी जूनच्या अखेरीस लागते, त्यामुळे मालकालाही मेचा आठवडा भरायची गरज असते आणि बरेच जण ऐकतात. नाहीतर जादा पैसे भरून पाच कामाच्या दिवसांत निर्णय मिळणारी प्राधान्य सेवा घ्या, पाच जणांचे मिळून ते बरेच होतात म्हणा. प्रवासविम्यावर भिस्त ठेवू नका. आपल्याकडच्या साध्या पॉलिसी दवाखान्याच्या खर्चासाठी असतात, व्हिसा नाकारल्यामुळे बुडालेलं भाडं त्यात बहुधा नसतं. वाचून घ्या. तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे : समजा एखाद्याचा व्हिसा अडला, तरी दीर-जाऊ तिथेच आहेत, घर अगदीच रिकामं जाणार नाही.

ज्यांचं तिथे कोणी नाही आणि ज्यांना इथलंच कार्ड वापरायचंय, त्यांच्यासाठी थोडं लिहिते. कार्डाचा परदेशी आणि ऑनलाइन वापर बँकेच्या अॅपमधून आधी चालू करा, 2020 पासून नवी कार्डं हे बंद ठेवूनच येतात. मर्यादा हवी तेवढीच ठेवा आणि पैसे भरून झाले की परत बंद करा, कारण परदेशी साइटवर बऱ्याचदा ओटीपी न येताच पैसे कापले जातात. "रुपयांत भरायचं की पाउंडांत" असं विचारलं तर पाउंड. रुपये सोयीचे दिसतात, पण तो भाव साइटवाल्याचा असतो.

नुकसानभरपाईचं डिपॉझिट हा प्रकार वेगळा विचारा. शंभर-दोनशे पाउंड कुठे कापून घेतात आणि नंतर परत करतात, कुठे कार्डावर फक्त अडवून ठेवतात. कापून परत केले तर तुमच्या भारतीय कार्डावर दोन वेळा भाव लागतो, जातानाचा मार्कअप काही परत येत नाही, दोनशे पाउंडांवर हजारेक रुपये फुकट जातात. अडवून ठेवणार असतील तर फॉरेक्स कार्ड देऊ नका. ऐन सहलीत खर्चाचे पैसे काही दिवस गोठतात. तुमच्या बाबतीत हेही दिरांच्या कार्डावर गेलेलं बरं.

आणि हे डिपॉझिट आपल्या लोकांचं कापलं जातं ते बहुतेक हळदीपायी. पांढऱ्या किंवा फिकट ओट्यावर हळदीचा डाग पाच मिनिटांत बसतो. गेल्या गेल्या एक जुना मेणकापड किंवा वर्तमानपत्र ओट्यावर पसरा, लाकडी कलथे त्यांचे वापरू नका, आणि पोचल्या दिवशी ओटा, गालिचा, गाद्या यांचे फोटो काढून मालकाला पाठवून द्या. दुसरी भीती धुराची. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी 2022 पासून घराघरात एकमेकांना जोडलेले अलार्म सक्तीचे आहेत, बैठकीच्या खोलीत धुराचा, स्वयंपाकघरात उष्णतेचा. स्वयंपाकघर स्वतंत्र असेल तर दार लावून, खिडकी उघडून, एक्झॉस्ट चालू करून मिरचीची फोडणी निभावते. ओटा बैठकीतच असेल, जे हल्ली फार असतं, तर मोहरी तडतडली की बेटावरची सगळी मेंढरं जागी होतील असा भोंगा एकदम सगळ्या खोल्यांत वाजू शकतो. अलार्मवर पिशवी बांधून ठेवू नका, तो प्रकार मालक खपवून घेत नाहीत.

सासूबाईंसाठी दोन प्रश्न नक्की विचारा, कारण फोटोंत ते दिसत नाही. स्कायमधली जुनी दगडी घरं बुटकी असतात. झोपायच्या खोल्या वर, उतरत्या छपराखाली, आणि जिना आपल्या माळ्याच्या जिन्यासारखा उभा. खाली एक तरी झोपायची खोली आणि खालीच संडास हवा. दुसरं, शॉवर टबात आहे की वेगळा? टबातला असेल तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला रोज दीड-दोन फूट उंच काठ ओलांडून उतरावं लागतं, तेही ओल्या पायाने परत. हे दोन्ही नसेल तर घर कितीही सुंदर असो, दुसरं बघा. समुद्र काय, खिडकीतून सगळ्याच घरांना दिसतो.

सामान मात्र इथून ओढू नका. दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, म्हणजे पेढे-बर्फीचा डबा घरीच राहू द्या. डाळी, पीठ, कढीपत्ता लीड्समध्ये मिळतं. वाटेत ग्लासगोला थांबलात तर पोलॉकशिल्ड्समधल्या अल्बर्ट ड्राइव्हवर आपल्याकडच्या वाणसामानाची दुकानं आहेत. त्यापुढे उत्तरेला गेल्यावर पोर्ट्रीच्या सुपरमार्केटमध्ये साखर-दूध-भाजी मिळेल, तुरीच्या डाळीची खात्री धरू नका.

कुकरचं म्हणाल तर मालकाला शेगडी कोणती ते विचारून मग ठरवा. इंडक्शन असेल तर आपला अॅल्युमिनियमचा कुकर तिथे नुसता बसून राहतो, गरमच होत नाही. इंडक्शन बुडाचा स्टीलचा हवा. तसा तो जाऊबाईंकडे लीड्सला असणारच. असेल तर तो गाडीतून न्या, आणि तुमच्या बॅगेतले ते दोन किलो सासूबाईंच्या मेतकुटाला आणि कुळथाच्या पिठाला द्या.